उन्हाचा रेटा

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीच्या सेक्टर ८१ला नॉलेज सिटी म्हणतात. २००७ साली सुरू झालेली आयसर ही विज्ञानसंस्था तिथे आहे आणि शेजारीच नॅनो विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. इंधन न जाळता, निव्वळ सूर्यप्रकाशाच्या दाबावर अवकाशयानाची कक्षा सांभाळता येईल का, हा प्रश्न अशा ठिकाणी दोन्ही बाजूंनी तपासला जावा, या इच्छेतून हा संवाद लिहिला आहे. बोलणारे दोघं कल्पित आहेत. उपग्रहांच्या नियंत्रणकक्षात नोकरी करून निवृत्त झालेले काका पुण्याहून आलेत आणि त्यांची पुतणी इथे पीएचडी करते आहे. दोघांच्या बोलण्यात येणारी नावं, सालं आणि आकडे मात्र खरे आहेत.

पुतणी: काका, उपग्रह कसा संपतो ते तुम्ही जवळून पाहिलंय. कितीदा तरी त्याची यंत्रं चालू असतात, सौरपट्ट्या वीज देत असतात. तरीही त्याला निरोप द्यावा लागतो, कारण टाकी तळाला गेलेली असते. उरलंसुरलं इंधन वापरून त्याला वरच्या कक्षेत ढकलायचं आणि बंद करायचं. रात्रंदिवस ऊन अंगावर घेणाऱ्या यंत्राचं आयुष्य टाकीवर का ठरावं? तेच ऊन त्याला रेटतही असतं. त्या रेट्यावर कक्षा सांभाळायला आपण शिकलं पाहिजे.

काका: रेटा किती, ते आधी बोलू. पृथ्वीच्या अंतरावर दर चौरस मीटरला सूर्याची सुमारे १३६१ वॅट ऊर्जा मिळते. तिला प्रकाशाच्या वेगाने भागलं की दाब निघतो, चौरस मीटरला साधारण साडेचार मायक्रोन्यूटन. पृष्ठभाग आरशाचा असेल तर प्रकाश उलटा फिरतो, म्हणून दुप्पट, नऊ. शंभर चौरस मीटरचा आरसा उन्हात धरलास तर त्यावरचा सगळा जोर मिळून पृथ्वीवरच्या ९० मिलिग्रॅम वजनाएवढा भरेल. एवढ्या जोरावर टनावारी वजनाची यानं हलवायची म्हणतेस?

पुतणी: हो, कारण तो जोर थांबत नाही. एक टनाच्या यानाला तुमचाच शंभर चौरस मीटरचा आरसा लावा. दिवसभरात वेगात सेकंदाला आठ सेंटीमीटरची भर पडते, वर्षभरात सुमारे २८ मीटरची. टाकीही एवढं देईल, पण दर वर्षी तेवढी कमी होत जाईल. प्रकाश दहाव्या वर्षीही पहिल्या वर्षाएवढंच देईल.

काका: तो हिशेब आरसा बारा महिने सूर्यासमोर सरळ धरला तरचा आहे. सूर्य आणि चंद्र यांच्या ओढीने भूस्थिर उपग्रह उत्तर-दक्षिण झुलू लागतो. ते रोखायलाच वर्षाला सेकंदामागे ५० मीटरच्या आसपास लागतात. शिवाय आरसा सरळ धरला तर प्रकाश एकाच दिशेला ढकलतो, सूर्यापासून दूर. पृथ्वीभोवती फिरणारा उपग्रह अर्धी फेरी सूर्यापासून दूर जातो, तेव्हा प्रकाश त्याला पुढे रेटतो. उरलेली अर्धी फेरी तो सूर्याकडे येत असतो, तेव्हा प्रकाश त्याला रोखतो. फेरी पुरी झाली की मिळकत जवळजवळ शून्य, आणि वर एक खोड मागे राहते: गोल कक्षा हळूहळू लांबट होते. १९६० साली अमेरिकेने एको-१ हा तीस मीटर व्यासाचा चकचकीत फुगा कक्षेत सोडला होता. प्रकाशदाबाने त्याच्या कक्षेचा पृथ्वीजवळचा बिंदू काही महिन्यांत शेकडो किलोमीटर खाली आणला. कोणी सांगितलं नव्हतं, कोणाला नको होतं, तरी झालं. आमच्या कक्षात प्रकाशदाब हा अशा बिघाडांच्या यादीत असायचा.

पुतणी: आणि तुम्ही त्या लांबटपणाचं काय करत होता? दर वेळी इंधन जाळून कक्षा पुन्हा गोल करत होता का?

काका: नाही. ते महागात पडलं असतं. लांबट कक्षेचं तोंड वर्षभरात सूर्याबरोबर फिरत जातं. म्हणून कक्षा मुद्दाम किंचित लांबट ठेवायची आणि तिचा पृथ्वीजवळचा बिंदू सूर्याच्या दिशेला राहील असं पाहायचं. मग प्रकाशदाबच तिला वर्षभर फिरवत नेतो आणि लांबटपणा ठरवलेल्या मर्यादेबाहेर जात नाही. भूस्थिर उपग्रह चालवणाऱ्यांची ही जुनी रीत आहे.

पुतणी: म्हणजे इंधन वाचवायला तुम्ही प्रकाशालाच कामाला लावत होता. माझं म्हणणं यापेक्षा वेगळं नाही. प्रकाशदाब वापरायचा की नाही, हे ठरवणं आपल्या हातात नाहीच. यान सोडलं की तो लागू झाला. आपल्या हातात एवढंच आहे की तो निस्तरण्यासाठी टाकी रिकामी करायची, की त्याच्याकडून काम करून घ्यायचं. फुग्याला दिशा नव्हती, म्हणून तो वाहवत गेला. आरशाला वळवता येतं. आरसा तिरपा धरला की रेटा आरशाच्या पृष्ठभागाला काटकोनात लागतो. सूर्याभोवती फिरणाऱ्या यानाच्या गतीकडे तो झुकवला तर यान सर्पिल वाटेने सूर्यापासून लांब जातं. गतीच्या उलट झुकवला तर वेग घटतो आणि यान सूर्याकडे उतरत जातं. सूर्यापासून ढकलणाऱ्या प्रकाशाच्या जोरावर सूर्याकडे जाता येतं, काका. कोकणातली शिडाची होडी वाऱ्याला तिरपी कापत वाऱ्याच्या उगमाकडे सरकते, कारण पाणी तिला आडवी वाहू देत नाही. यानाला धरून ठेवण्याचं काम सूर्याचं गुरुत्व करतं.

काका: सूर्याभोवती, मान्य. पृथ्वीभोवती काय करशील?

पुतणी: पुढे रेटणाऱ्या अर्ध्या फेरीत आरसा सूर्यासमोर आणायचा, रोखणाऱ्या अर्ध्या फेरीत त्याची कड सूर्याकडे करायची. लाइटसेल-२ने २०१९ साली हेच केलं. लोकवर्गणीतून उभं राहिलेलं पाच किलोचं यान, ३२ चौरस मीटरचं शीड. २३ जुलैला शीड उघडलं, दर फेरीत दोनदा ते काटकोनात वळत राहिलं आणि पहिल्या आठवड्यातच कक्षेचं वरचं टोक पावणेदोन किलोमीटरच्या आसपास उंचावलं. इंधनाचा एक थेंब न वापरता.

काका: आणि १७ नोव्हेंबर २०२२ला ते वातावरणात जळून गेलं. ७२० किलोमीटर उंचीवर हवा विरळ असली तरी असते, आणि मोठं शीड हवेलाही तेवढंच मोठं लागतं. वरचं टोक चढत होतं तेव्हा खालचं टोक उतरत होतं. पृथ्वीची छायाचित्रं घेणारे आपले कितीतरी उपग्रह याच्याही खाली, पाचशे-सहाशे किलोमीटरवर फिरतात. तिथे शीड म्हणजे ब्रेक.

पुतणी: तिथे शीड लावा असं मी म्हणणारच नाही. साधारण आठशे किलोमीटरच्या खाली हवा जिंकते, वर प्रकाश. माझा आग्रह वरच्या कक्षांसाठी आहे.

काका: मग वरच्या कक्षेतली, आपल्या देशातली गोष्ट ऐक. इन्सॅट-१ या भारतीय उपग्रहमालिकेचे प्रकल्प संचालक पुण्याचे प्रमोद काळे होते. त्या उपग्रहांकडे दूरसंचार आणि दूरदर्शन यांच्या जोडीला हवामानाचा कॅमेरा होता. त्याची अवरक्त किरण टिपणारी यंत्रणा अतिशय थंड ठेवावी लागते, म्हणून तिच्या कूलरला उत्तरेकडचं थंड, मोकळं अवकाश दिसत राहायला हवं. तिकडे सौरपट्टी लावली तर तिची ऊब कूलरला लागणार. म्हणून सौरपट्टी फक्त दक्षिणेला लावली. आता दक्षिणेला उन्हाचा रेटा घेणारी भलीमोठी पट्टी आणि उत्तरेला काहीच नाही. उपग्रह सतत एका अंगाला कलू पाहणार. तो तोल साधायला उत्तरेकडे लांब दांड्याच्या टोकाला सौरशीड बसवलं.

पुतणी: म्हणजे सौरशीड ही आपल्याकडे चाळीस वर्षं जुनी गोष्ट आहे!

काका: पुढे ऐक. १० एप्रिल १९८२ला इन्सॅट-१ए केप कॅनव्हेरलहून गेला. ते शीड उघडलंच नाही. दुसऱ्याही अडचणी होत्या, अँटेना अडकली होती, ती पुढे प्रयत्नांती मोकळी झाली. १५ ऑगस्टला दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम याच उपग्रहावरून सुरू झाला, आणि ६ सप्टेंबरला रोख सांभाळणारं इंधन संपून उपग्रह सोडून द्यावा लागला. सात वर्षांसाठी बांधलेला उपग्रह पाच महिन्यांत गेला. घडी घालून पाठवलेली कुठलीही वस्तू वर उघडेलच, असं धरून चालता येत नाही. ज्याचं आयुष्य शिडावर अवलंबून, त्याचं आयुष्य एका बिजागरीवर अवलंबून, हे मी त्या उपग्रहावरून शिकलो.

पुतणी: मला त्याच गोष्टीतून दुसरं दिसतं. शीड नव्हतं तेव्हा उन्हाचा तो एकांगी रेटा थोपवण्याचा भार टाकीवर पडला. इंधन संपण्याचं ते एकमेव कारण नसेल, पण शीड उघडलं असतं तर तेवढा भार प्रकाशानेच प्रकाशाविरुद्ध उचलला असता. आणि त्या अपयशानंतर आपण शीड टाकून दिलं का? १९९२ साली इस्रोने स्वतः बांधलेल्या इन्सॅट-२एवर तेच शीड होतं, २००३च्या इन्सॅट-३एवरही होतं. त्या माणसांनी बिजागरी सुधारली आणि कल्पना ठेवली.

काका: ठेवली, पण कशासाठी, ते बघ. तोल राखण्यासाठी. उपग्रहाचा रोख सांभाळणं वेगळं आणि कक्षा बदलणं वेगळं. रोखाला किरकोळ बळ पुरतं, कारण लांब दांड्यामुळे ते वाढवता येतं. कक्षेच्या बाबतीत दांडा उपयोगाचा नाही, तिथे सगळं वजन ढकलावं लागतं.

पुतणी: हा फरक मला मान्य आहे. रोखाची उदाहरणं तर पुष्कळ आहेत. बुधाकडे गेलेल्या मरिनर-१०चा रोख सांभाळणारा वायू संपत आला, तेव्हा अभियंत्यांनी सौरपट्ट्या आणि अँटेना वेगवेगळ्या कोनांत वळवून प्रकाशाच्या रेट्याने त्याला स्थिर ठेवलं. त्यामुळेच मार्च १९७५ची त्याची तिसरी बुधभेट पार पडली. केप्लर या अवकाश-दुर्बिणीचा रोख सांभाळणाऱ्या चार फिरत्या चाकांपैकी दोन २०१३पर्यंत बंद पडली, तर उरलेल्या दोन चाकांना प्रकाशदाबाची जोड देऊन २०१४पासून ती पुन्हा ग्रह शोधू लागली.

काका: केप्लरची पुढची हकिकतही सांग. प्रकाशाने तिला तोलून धरलं खरं, पण ती स्वतःभोवती हळूहळू वळत जायची. ते सावरायला सुमारे दर सहा तासांनी थ्रस्टर, म्हणजे इंधनावर चालणारी छोटी इंजिनं, चालवावे लागत. आणि ३० ऑक्टोबर २०१८ला तिचं काम थांबलं ते इंधन संपल्यामुळेच.

पुतणी: पण मधली चार वर्षं मिळाली, ती प्रकाशामुळे. कक्षेबद्दल विचारता तर मेसेंजर यानाचं घ्या. २००४ साली निघालेलं हे यान २०११च्या मार्चमध्ये बुधाच्या कक्षेत शिरलं. आधी ते बुधाच्या जवळून तीनदा गेलं. या भेटींच्या दरम्यान मार्ग नेमका ठेवण्यासाठी इंजिन चालवण्याचे बेत आखलेले होते. पथकाने सौरपट्ट्यांचे कोन आणि यानाचा रोख बदलून प्रकाशाकडूनच मार्ग दुरुस्त करून घेतला, आणि त्यातले अनेक बेत रद्द करता आले. शीड नव्हतंच. होते तेच भाग हिशेबाने वळवले.

काका: हे उदाहरण मला पटतं. पण बुधाजवळ ऊन आपल्यापेक्षा साडेचार ते दहा पट कडक असतं. शिवाय ती दुरुस्ती अगदी बारीक होती आणि तिला कित्येक महिने मिळाले.

पुतणी: वेळ मिळतो तिथे प्रकाश चालतो, हे तुम्हीच म्हणालात. आता शिडाचं बोलते. जपानचं इकारोस मे २०१० मध्ये गेलं. चौदा मीटर बाजूचं चौरस शीड, जाडी साडेसात मायक्रॉन, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी. त्यावर प्रकाशाचा जोर मोजला गेला, १.१२ मिलिन्यूटन. त्याच वर्षी ८ डिसेंबरला ते शुक्राजवळून गेलं. तुमच्या बिजागरीवरचं उत्तरही त्यात आहे. शिडाच्या कडांना लिक्विड क्रिस्टलच्या पट्ट्या होत्या. वीज दिली की त्या प्रकाश जास्त परतवतात, बंद केली की विखुरतात. एका कडेला चालू, दुसरीकडे बंद, की शीड वळतं. एकदा उघडल्यावर वळवण्यासाठी हलणारा भागच नाही.

काका: 'एकदा उघडल्यावर', इथेच सगळं अडतं. २०२४ साली नासाचं ऐंशी चौरस मीटरचं शीड वर गेलं. नव्या, हलक्या दांड्यांची ती चाचणी होती. ऑगस्टअखेर शीड उघडलं, पण चारपैकी एक दांडी किंचित वाकलेली दिसली. आणि समज, उघडलं. नियंत्रणकक्षात संदेश आला की एक मोडका तुकडा तुमच्या वाटेवर येतोय. हातात एखादा दिवस असतो, कधी काही तास. थ्रस्टर मिनिटांत रस्ता बदलतो. प्रकाश काय करणार? ग्रहणाच्या मोसमात भूस्थिर उपग्रह रोज काही वेळ, मोसमाच्या मध्यावर तासाहून जास्त, पृथ्वीच्या सावलीत जातो, तेव्हा तर तोही नाही. मला इंधन आवडतं ते जोरासाठी नाही. इंधन हाकेला धावून येतं, म्हणून.

पुतणी: हे तुमचं सगळ्यात वजनदार म्हणणं आहे आणि त्याला माझ्याकडे तोड नाही. संकटाला इंधनच हवं. पण आता तुम्ही एक सांगा. असं एखादं काम आहे का, जे थोड्या जोराने, पण कधीच न थांबता करावं लागतं?

काका: तुझ्या मनात इस्रोचं सूर्यावर नजर ठेवणारं यान, आदित्य-एल१ आहे.

पुतणी: हो. २ सप्टेंबर २०२३ला श्रीहरिकोट्याहून गेलं, ६ जानेवारी २०२४ला पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल१ या समतोलाच्या बिंदूभोवतीच्या कक्षेत शिरलं. सूर्याची अतिनील छायाचित्रं घेणारी त्याची दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने साकारली. ती कक्षा मुळात अस्थिर आहे. १७८ दिवसांची पहिली फेरी पुरी होईपर्यंत २२ फेब्रुवारी, ७ जून आणि २ जुलै अशा तीन वेळा तिला इंधनाने सावरावं लागलं. अशा छोट्या, वारंवार लागणाऱ्या दुरुस्त्या, आणि बारा महिने ऊन. प्रकाशासाठी याहून योग्य जागा कुठली?

काका: त्या दुरुस्त्यांना इंधन फार लागत नाही. तेवढ्यासाठी शिडाची जोखीम कोण घेईल?

पुतणी: तेवढ्यासाठी नका घेऊ. पण एल१च्या पुढचा विचार करा. सूर्याकडून वादळ निघालं की एल१वरचं यान ते पृथ्वीच्या आधी ओळखतं. यान सूर्याच्या आणखी जवळ ठेवता आलं तर सूचना आणखी आधी मिळेल. पण एल१च्या आत सूर्याची ओढ वरचढ होते, यान तिथे ठरत नाही. इंधनाने ठरवायचं तर थ्रस्टर वर्षानुवर्षं अखंड चालू ठेवावा लागेल. एवढी टाकी कोणी बांधू शकत नाही. मोठ्या शिडावर मात्र प्रकाशाचा रेटा सूर्याच्या ओढीचा एक भाग कायमचा रद्द करतो. मग समतोलाचा बिंदूच सूर्याकडे सरकतो आणि यान तिथे राहू शकतं. इथे प्रकाश इंधनाची काटकसर करत नाही, इंधनाला जी जागा अशक्य आहे तिथे तो यानाला बसवतो. आपल्या वीजवाहिन्या, उपग्रह आणि विमानांची संदेशव्यवस्था यांना सौरवादळाचा इशारा थोडा जरी आधी मिळाला, तरी त्याचं मोल मोठं आहे.

काका: इथे मी गप्प बसतो. अखंड लागणाऱ्या बळाला टाकी पुरत नाही, हे गणित मला मोडता येणार नाही. पण तसलं शीड हजारो चौरस मीटरचं हवं, आणि ते अतिनील किरणांत वर्षानुवर्षं चकचकीत राहायला हवं. आरसा काळवंडला की रेटा निम्म्यावर येईल आणि तुझा समतोलाचा बिंदू हलेल.

पुतणी: म्हणून तर हा विषय या आवारात बोलायला हवा. काही मायक्रॉन जाडीचा पडदा, त्यावरचा धातूचा थर, तो उन्हात किती टिकतो, प्रकाश किती परतवतो, हे पदार्थविज्ञानाचे प्रश्न आहेत आणि त्यांवर काम करू शकणारी माणसं इथे शेजारी-शेजारी आहेत. शीड वळवायला हिशेब लागतो, हिशेबाला चिप लागते. मोहालीच्याच सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत बनलेला विक्रम १६०१ हा प्रोसेसर २००९पासून इस्रोच्या प्रक्षेपकांत आहे, आणि ३२ बिटचा विक्रम ३२०१ इस्रोकडे २०२५ साली सुपूर्द झाला. दांड्यावरच्या शिडाचा अनुभव इन्सॅटने दिलाय. हे सगळं एकत्र येऊन एक छोटं भारतीय शीड का उडू नये?

काका: उडावं. पण माझ्या अटींवर. उंची हजार किलोमीटरच्या वर, म्हणजे हवेची सबब उरणार नाही. शीड वेगळं तोडून टाकता आलं पाहिजे, म्हणजे ते अर्धवट उघडलं तर यान इन्सॅट-१एच्या वाटेने जाणार नाही. आणि इंधनाची टाकी भरलेली.

पुतणी: भरलेली असू दे. पण झडप बंद. कोणी आडवं आलं तरच उघडायची. एरवी वर्षभर कक्षा चढवायची ती उन्हाने, उतरवायची ती उन्हाने आणि प्रत्येक बदल जमिनीवरून मोजून जाहीर करायचा.

काका: वर्षभर झडप न उघडता राहिलं, तर पुढच्या मोठ्या उपग्रहाच्या आराखड्यात रोजच्या दुरुस्त्यांसाठीचं इंधन कमी करा, असं मी स्वतः लिहून देईन. संकटासाठीचं इंधन मात्र एक किलोनेही कमी करू देणार नाही.

पुतणी: ते मी मागतही नाही. रोजचं काम उन्हाचं, अडीअडचण टाकीची. फक्त आराखडा काढताना ऊन बिघाडांच्या यादीत टाकू नका, त्याला पहिल्या पानावर घ्या: किती येतं, कुठून येतं, त्यातून काय करून घेता येईल.

काका: पहिल्या पानावर घेतो. पण त्याच पानावर, ते किती कमी आहे, तोही आकडा मोठ्या अक्षरात लिही.